पेटी, मिशा आणि सरासरी

सदर : फावल्या वेळचं गणित

मागच्या अंकात घरकर्जाच्या हप्त्यांवर लिहिलं, तेव्हा बऱ्याच जणांनी "आता काहीतरी मुलांच्या उपयोगाचं येऊ द्या" असं सुचवलं होतं. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. तो एका शुक्रवारी संध्याकाळी आपणहून बेल वाजवून आमच्या सालमियाच्या घरात आला.

आले ते आमच्या ओळखीचे एक गृहस्थ. बरोबर वहिनी आणि त्यांची दहावीतली मुलगी. मुलीचा चेहरा पाहूनच हिनं ओळखलं की काहीतरी बिनसलंय, आणि ती मुलीला घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेली. गृहस्थांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून टीपॉयवर ठेवला. शिकवणीच्या गणिताच्या परीक्षेचा निकाल होता. पंधरा मुलांचे गुण, नावं नाहीत, आणि खाली सरांनी लाल पेनानं लिहिलेलं : वर्गाची सरासरी ६२. कन्येला ६०.

"सरासरीच्याही खाली!" गृहस्थ म्हणाले. "म्हणजे निम्म्या वर्गाच्या मागे. अकरावीला गणित हिला झेपायचं नाही. आम्ही ठरवलंय, दहावी झाली की पुण्याला आजीकडे पाठवायचं. गणित सोडून कॉमर्स घेऊ दे."

वहिनी काही बोलल्या नाहीत. 'आम्ही ठरवलंय' यातल्या 'आम्ही'मध्ये त्या किती होत्या, हे त्यांच्या गप्प बसण्यावरून कळत होतं. आपल्याकडे कुवेतमध्ये हा निर्णय नुसता विषयनिवडीचा नसतो. बारावी झाली की मूल भारतात जाणार हे आपण धरूनच चाललेलो असतो. सोळाव्या वर्षी पाठवायचं म्हणजे त्यातली दोन वर्षं आपणच आधी वजा करायची. आणि ही वजाबाकी कशावरून, तर ६२ उणे ६० बरोबर २ यावरून.

मी म्हटलं, "तुम्ही जरा बसा. हा कागद मला द्या, आणि चहा येईपर्यंत बोलू नका."

वाचकहो, तुम्हीही पेन्सिल आणि वही घ्या. ते पंधरा आकडे मी थोडे बदलून देतोय, कुणाच्या मुलाची ओळख पटायला नको. चढत्या क्रमानं मांडले की असे दिसतात : ४१, ४६, ४९, ५२, ५३, ५५, ५६, ५८, ६०, ६१, ६३, ६६, ७२, ९८, १००.

शाळेत पी.टी.च्या तासाला सर उंचीप्रमाणे ओळ लावायचे, आठवतंय ना? तसंच हे. ओळ लागली की पहिलं काम, बरोबर मधल्या मुलाला एक पाऊल पुढे बोलवायचं. पंधरा जणांत आठवा मधला; सात अलीकडे, सात पलीकडे. त्याचे गुण ५८. याला पुस्तकात मध्यक म्हणतात. आता अलीकडच्या सातांतला मधला घ्या : ५२. पलीकडच्या सातांतला मधला : ६६. ही दोन चतुर्थकं, पहिलं आणि तिसरं. चतुर्थक हा शब्द ऐकून मुलं बिचकतात. त्यांना चतकोर म्हणून सांगा. भाकरीचे जसे चतकोर, अर्धी, पाऊण असे भाग करतो, तसेच या ओळीचे केलेत. फरक एवढाच की इथे प्रत्येक चतकोरात माणसं सारखी असतात, लांबी सारखी असेलच असं नाही. खरी गंमत याच वाक्यात आहे, तेव्हा ते पुन्हा एकदा वाचा.

आता वहीचं पान आडवं धरा. खाली ४० ते १०० अशी पट्टी आखा. ५२ पासून ६६ पर्यंत एक आडवी पेटी काढा आणि तिच्या पोटात ५८ वर उभी रेघ मारा. झाली पेटी. वर्गातली मधली निम्मी मुलं या पेटीत. पेटीच्या डाव्या बाजूनं ४१ पर्यंत एक रेघ, उजव्या बाजूनं ७२ पर्यंत एक रेघ. या मिशा. इंग्रजीतही याला मांजराच्या मिशांचाच शब्द आहे, मी काही पदरचा घालत नाही. या सबंध चित्राला बॉक्स प्लॉट म्हणतात. आपण पेटी-आलेख म्हणू.

"आणि ९८, १००?" गृहस्थांनी न बोलण्याचा नियम मोडलाच.

ते दोघे ओळीबाहेरचे. त्यासाठी नियम असा : पेटीची लांबी मोजायची, ६६ उणे ५२, म्हणजे १४. तिची दीडपट २१. पेटीच्या उजव्या कडेपासून २१ पुढे गेलं की ८७ येतात, डाव्या कडेपासून २१ मागे गेलं की ३१. ३१ ते ८७ हे कुंपण. मिशी कुंपणाच्या आतल्या शेवटच्या मुलापर्यंतच जाते, आणि कुंपणाबाहेरच्यांसाठी नुसते टिंब. ९८ ला एक टिंब, १०० ला एक टिंब.

आता गृहस्थांच्या कन्येला शोधा. ६० म्हणजे पेटीच्या आत, मधल्या रेघेच्या उजवीकडे. पंधरांत वरून सातवी. तिच्या मागे आठ मुलं. मग ती सरासरीच्या खाली कशी? कारण ६२ च्या खाली या वर्गातली पंधरापैकी दहा मुलं आहेत! सरासरी म्हणजे मधला माणूस, हा आपल्या सगळ्यांचा गोड गैरसमज. सरासरी म्हणजे सगळ्यांचे गुण एका पातेल्यात ओतून सारखे वाढले तर एकेकाच्या ताटात किती येतील ते. पातेल्यात दोघांनी शंभराच्या आसपास ओतले की सगळ्यांचंच ताट भरल्यासारखं दिसतं. ते दोघे बाजूला काढून उरलेल्या तेरांची सरासरी काढली तर ५६ येते, आणि कन्या एकदम सरासरीच्या वर जाते. काही न करता! तिनं एक गुणही जास्त मिळवलेला नाही. सरांचं ६२ सुद्धा चूक नव्हतं बरं का. बेरीज मी दोनदा तपासली. चूक होती ती ६२ या आकड्याला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडून घेण्यात.

ते दोघे कोण, हे वहिनींना ठाऊक होतं. "ती दोघं गेल्या वर्षी दुसऱ्या बोर्डाच्या शाळेत होती, तिथे हा भाग झालाय त्यांचा," त्या म्हणाल्या. त्या संध्याकाळचं हे त्यांचं पहिलं वाक्य.

हे चित्र रूढ केलं जॉन ट्युकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञानं. जन्म १९१५चा, प्रिन्स्टन विद्यापीठ आणि बेल लॅबोरेटरीज या दोन ठिकाणी आयुष्य गेलं. कॉम्प्युटरवाले सकाळ-संध्याकाळ 'बिट' म्हणतात ना, तो शब्दही याच गृहस्थाचा. त्याचं आकडे चाचपून पाहण्याच्या रीतींवरचं जाडजूड पुस्तक १९७७ साली आलं आणि पेटी-आलेख जगभर गेला. पण श्रेय वाटायचं तर मेरी एलिनॉर स्पीअर या बाईंचंही नाव घ्यायला हवं. त्यांनी १९५२च्या आपल्या पुस्तकात जवळपास असाच पट्टीचा आलेख दिला होता. ट्युकीनं त्यात मिशांचा आणि कुंपणाचा नियम घातला. दीडपटच का, असं त्याला विचारलं तेव्हा एकपट फार कमी होते आणि दोनपट फार जास्त, अशा अर्थाचं उत्तर त्यानं दिल्याची आठवण सांगतात. आपल्या आज्या मिठाचा अंदाज असाच सांगायच्या. अर्थात अंदाज बरोबर आहे. घंटेच्या आकाराचं नेहमीचं वितरण घेतलं तर या कुंपणाबाहेर हजारात सातेकच पडतात.

ज्यांची मुलं ब्रिटिश पद्धतीच्या शाळांत आहेत त्यांच्या घरी हे चित्र अभ्यासातच येतं. सी.बी.एस.ई.च्या दहावीत मुलं सरासरी, मध्यक आणि बहुलक शिकतात, पेटी काढत नाहीत. पण लागणारं सामान सगळं घरात आहे, फक्त पाककृती वेगळी. एक सूचना मात्र करतो. वर सांगितलेली रीत शाळेतली. कॉम्प्युटरवर एक्सेलला याच पंधरा आकड्यांची चतुर्थकं विचारली तर तो नेहमीच्या सूत्रानं ५२.५ आणि ६४.५ सांगेल. मुलं घाबरतात, पालक शाळेत भांडायला जातात. दोन्ही बरोबर आहेत. ओळीचा चौथा भाग नेमका कुठे पडतो हे ठरवण्याच्या रीती दोन-चार आहेत, आणि मुलांची संख्या मोठी असली की फरक आपोआप विरतो. परीक्षेत मात्र पुस्तकातली रीत वापरावी.

चहा आला. गृहस्थांनी कप उचलला, पण मन वळलेलं दिसेना. "पंधरा पोरांवरून काय ठरतं हो? मोठं उदाहरण द्या," म्हणाले. मागणी रास्त होती. तेव्हा आपल्या सगळ्यांच्या अंगावरचं उदाहरण घेतलं, हवेचं.

पुण्याची आजी दर उन्हाळ्यात फोनवर म्हणते, "आमच्याकडेही काही कमी ऊन नाही हो!" तिचं म्हणणं तपासून पाहू. बारा महिन्यांचं दुपारचं सरासरी कमाल तापमान घेतलं, पूर्णांकात, म्हणजे अर्धा अंश इकडेतिकडे. पुणे, जानेवारीपासून : ३०, ३२, ३५, ३८, ३७, ३२, २८, २७, २९, ३१, ३०, २९. कुवेत, विमानतळावरच्या केंद्राचं : २०, २२, २७, ३४, ४१, ४५, ४७, ४७, ४४, ३७, २८, २२.

वर्षाची सरासरी काढा. पुणे ३१.५. कुवेत ३४.५. फक्त तीन अंश! आजी खरंच बोलत होती. तीन अंशांसाठी आपण इथे येऊन एवढी कुरकुर करतो!

आता पेट्या काढा. पुण्याचे बारा आकडे ओळीत लावले तर मध्यक ३०.५, चतुर्थकं २९ आणि ३३.५. पेटी साडेचार अंशांची, काडेपेटीच म्हणा ना. मिशा २७ पासून ३८ पर्यंत. कुवेतचा मध्यक ३५.५, चतुर्थकं २४.५ आणि ४४.५. पेटी वीस अंशांची, गावाला जाताना दोरीनं बांधून नेतो ती ट्रंक! मिशा २० पासून ४७ पर्यंत. दोन्ही पेट्या एकाखाली एक काढून पाहा. पुण्याची अख्खी पेटी, दोन्ही मिशांसकट, कुवेतच्या एकट्या पेटीच्या पोटात मावते. आणि कुवेतच्या बारांपैकी चार महिने पुण्याच्या उजव्या मिशीच्या टोकाला ओलांडून पाच-सहा अंश ते नऊ अंश पलीकडे गेलेले. मे धरला तर पाच महिने. दुसऱ्या टोकाला तीन महिने पुण्याच्या डाव्या मिशीच्याही अलीकडे. ३४.५ असं तापमान इथे साधारण एप्रिलमध्ये आठ-पंधरा दिवस आणि ऑक्टोबरच्या शेवटी थोडे दिवस भेटतं, इतकंच. ज्या सरासरीत आपण राहतो असं कागद म्हणतो, त्या सरासरीत आपण जवळजवळ राहतच नाही.

(सरासरीला नावं ठेवता ठेवता हे बारा आकडेही महिन्यांच्या सरासऱ्यांचेच घेतले, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलं असेल. मान्य. रोजचे ३६५ आकडे घेतले तर मिशा आणखी लांब होतील.)

मिशांवरून आठवलं. २१ जुलै २०१६ रोजी कुवेतच्या वायव्येला मित्रिबा इथे ५३.९ अंशांची नोंद झाली. सुरुवातीला आकडा ५४ असा आला होता. जागतिक हवामान संघटनेनं तो तसाच गिळला नाही. तापमापक तपासला, त्याची चूक किती असू शकते ते काढलं, आणि २०१९ साली ५३.९, एक दशांश इकडेतिकडे, असा शिक्का मारला. आशिया खंडातली ती सर्वांत जास्त मान्य नोंद ठरली. ओळीबाहेरच्या टिंबाशी कसं वागावं याचा हा नमुना मला फार आवडतो. कुणी "छे, एवढं कुठे असतं" म्हणून ते खोडलं नाही, आणि कुणी नुसत्या कौतुकानं डोक्यावरही घेतलं नाही. आधी विचारपूस केली.

पण एक गंमत बघा. वर काढलेल्या कुवेतच्या पेटीला दीडपटीचं कुंपण घातलं तर ते कुठे येतं? ४४.५ अधिक ३०, म्हणजे ७४.५ अंशांवर! त्या हिशेबानं मित्रिबाची नोंद टिंब ठरतच नाही, कुंपणाच्या आत आरामात बसते. वर्षभराचा हिवाळा-उन्हाळा एकाच पेटीत कोंबला की पेटी एवढी फुगते की तिला कशाचंच आश्चर्य वाटेनासं होतं. तीच नोंद फक्त जुलैच्या दुपारांच्या पेटीशेजारी ठेवली तर लांब एकटी पडेल. पेटीत काय भरायचं हे आधी ठरवावं लागतं. एक्सेल ते ठरवून देत नाही.

मुंबईकरांना याची पावसातली जोडी सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. 'मुंबईत सरासरी इतका पाऊस' असं त्या दिवसाबद्दल कुणी म्हणालं तर ते कुठल्या मुंबईबद्दल, हे कुर्ल्याच्या माणसाला विचारावं.

हवेच्या याच आकड्यांत एक गोष्ट अशी आहे की जी मला दर सप्टेंबरला टोचते. कुवेतमध्ये १ जून ते ३१ ऑगस्ट, सकाळी ११ ते दुपारी ४, उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे. चांगला नियम आहे, त्यानं जीव वाचतात. पण वरच्या ओळीत जून पाहा : ४५. सप्टेंबर पाहा : ४४. एका अंशाचा फरक. दोघेही पेटीच्या उजव्या कडेला खांद्याला खांदा लावून उभे, एक नियमाच्या आत आणि एक बाहेर. त्यात सप्टेंबरात दमटपणा असतो तो वेगळाच. कॅलेंडरला कुठेतरी रेघ मारावीच लागते हे मला कळतं. पण रेघ मारणाऱ्यांच्या टेबलावर एकदा ही पेटी ठेवावी असं वाटतं. आपल्यातले जे साइटवर मुकादम, इंजिनिअर किंवा सेफ्टीचे लोक आहेत त्यांना कुणी अडवलेलं नाही. नियम संपला म्हणून सावली आणि पाणी काढून घ्यायलाच हवं असं थोडंच आहे? सप्टेंबरात भर दुपारी काँक्रीट ओतणारा माणूस सरासरीच्या ३४.५ मध्ये उभा नसतो.

पगारांचंही तेच. गावाकडून कुणा तरुणाचा फोन येतो, "काका, एजंट म्हणतोय त्या कंपनीत सरासरी पगार पावणेपाचशे दिनार आहे, येऊ का?" समजा, कंपनीत दहा माणसं. नऊ जणांना २५० आणि साहेबांना २५००. बेरीज ४७५०, सरासरी ४७५. एजंट एका पैशाचंही खोटं बोललेला नाही. मुलानं जमीन गहाण टाकून पैसे भरण्याआधी एवढंच विचारावं : ओळीतल्या मधल्या माणसाला किती मिळतात? आणि माझ्या कामाच्या माणसाला पेटीच्या कुठल्या टोकाला बसवता? उत्तर २५० येईल. इथे पेटी काढायला गेलात तर पेटी उरतच नाही, दोन्ही कडा २५० वर एकमेकींना चिकटतात आणि लांबवर साहेबांचं एकटं टिंब. असं चित्र दिसलं की बॅग भरायची घाई करू नये.

हा सरासरी आणि पसाऱ्याचा झगडा आपल्या मराठी माणसांनी फार मोठ्या पटावर खेळलेला आहे, आणि त्याची आठवण फारशी निघत नाही म्हणून सांगतो. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतून भारतातल्या दारिद्र्यावर गाजलेला अभ्यास मांडला. माणशी रोज २२५० उष्मांक मिळायला किती खर्च लागतो त्यावरून त्यांनी १९६०-६१च्या किमतींनी खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी रेघ आखली. त्यावर पां. वा. सुखात्मे यांचा आक्षेप. हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचा विभाग सांभाळून पुण्याला परतलेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की गरजेची सरासरी हीच उपासमारीची रेघ कशी धरता? धडधाकट माणसांतसुद्धा कुणाला जास्त लागतं, कुणाला कमी, आणि एकाच माणसाची गरजही काळानुसार वरखाली होते. सरासरीवर रेघ मारली तर चांगले निरोगी लोकही 'कमी' खाणारे ठरतील. रेघ त्या पसाऱ्याच्या खालच्या टोकाकडे असायला हवी. दांडेकरांना हे पटलं नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दोघांत जाहीर वाद झाला, आणि रेघ खाली आणली की कागदावरचे गरीब आपोआप कमी होतात, ही धास्ती अनेकांनी बोलून दाखवली. ती धास्तीही खरीच. कमी खाऊन जगणारं शरीर कमीवर सुखी असतं असं नाही. माझं मत विचाराल तर आक्षेपातलं गणित सुखात्म्यांचं बरोबर होतं, आणि त्या गणिताचा उपयोग कोण कसा करील याची काळजी बाकीच्यांची बरोबर होती. असो. मोठ्या माणसांच्या भांडणात आपण इतकंच पाहायचं, की कोट्यवधी लोकांचं जेवण 'सरासरी' आणि 'पसारा' या दोन शब्दांच्या मध्ये अडकलं होतं.

आता पेटीच्या उणिवा. नाहीतर मी पेट्यांचा दुकानदार वाटेन. पेटी आत किती माणसं आहेत ते सांगत नाही. पंधरांची आणि पंधरा हजारांची सारखीच दिसते, म्हणून संख्या शेजारी लिहावी. आणि वर्गात दोन वेगळे घोळके असले, समजा अर्धी मुलं चाळिशीत, अर्धी ऐंशीत, मध्ये कुणीच नाही, तर पेटी मजेत ४० पासून ८० पर्यंत पसरते, आणि तिच्या मधोमध कुणीही राहत नाही हे बिचारीला कळतसुद्धा नाही. तेव्हा पेटी काढताना मूळचे आकडे फेकू नयेत.

याच शेवटच्या मुद्द्यानं त्या संध्याकाळी वेगळं वळण घेतलं. मुलगी आतापर्यंत स्वयंपाकघराच्या दारात येऊन ऐकत होती. ती म्हणाली, "काका, वर्गाची नको, माझीच पेटी काढू?" मी म्हटलं, काढ की. तिला तिच्या वर्षभराच्या नऊ चाचण्यांचे गुण तोंडपाठ होते. (मुलांना ते नेहमीच पाठ असतात. आपल्याला वाटतं ती विसरली.) ४३, ४७, ५२, ५८, ६०, ६६, ७१, ७४, ७९. मध्यक पुन्हा ६०. चतुर्थकं ४९.५ आणि ७२.५. तिनं स्वतःच पट्टीनं पेटी आखली आणि थांबली.

"काका, माझी एकटीची पेटी सगळ्या वर्गापेक्षा लांब आहे."

होतीच. वर्गाची १४, हिची एकटीची २३. सरासरीच्या जवळ राहणारी मुलगी म्हणून जिच्यावर शिक्का बसत होता, ती कुठल्याच चाचणीत धड सरासरी नव्हती. कधी वर्गाच्या तळाशी, कधी त्या दोन टिंबांच्या खालोखाल. मी विचारलं, "खालचे तीन कुठले गं?" तिनं ४३, ४७ आणि ५२ वर बोट ठेवलं. दोन भूमितीचे, एक त्रिकोणमितीचा. वरचे चारही बीजगणित आणि अंकगणिताचे.

गृहस्थ बराच वेळ त्या कागदाकडे पाहत होते. मग म्हणाले, "म्हणजे हिला गणित येत नाही असं नाही. आकृती आली की गडबडते."

"मी केव्हाची तेच सांगतेय," वहिनी म्हणाल्या.

पुण्याचा निर्णय त्या रात्री झाला नाही, आणि हे लिहीपर्यंतही झालेला नाही. आजीला एक खोली रिकामी करून ठेवायला सांगितलं होतं, ते तसंच आहे. पण दर शुक्रवारी सकाळी दहा ते बारा भूमितीची वही घेऊन कन्या आमच्याकडे येते, आणि येताना वहिनी डब्यातून काही ना काही पाठवतात. परवाच्या चाचणीत त्रिकोणांवर ५७ मिळाले. तिनं मला फोनवर गुण सांगितले नाहीत. म्हणाली, "काका, डावी कड थोडी सरकली."